टोकनीकरणातील चुका उघड करणारी चाचणी-इनपुट

पदावली सोडवणारा प्रोग्राम आधी अक्षरांच्या ओळीचे संख्या, चिन्हे, कंस आणि नावे असे तुकडे पाडतो. या तुकड्यांना टोकन म्हणतात आणि ते चुकीचे पडत असल्यास लक्षात यावे म्हणून मुद्दाम निवडलेल्या ओळींना चाचणी-इनपुट म्हणतात. चूक बहुधा दोन टोकनांच्या सीमेवर दडलेली असते. म्हणून एक तुकडा कुठे संपतो याविषयी संशय निर्माण करणारी ओळच खरी कामाची.

‘८-३’ ही अशी ओळ आहे. वजाचिन्ह संख्येलाच चिकटवणारा टोकनायझर (टोकने पाडणारा भाग) ‘८’ आणि ‘-३’ अशी दोनच टोकने देतो व वजाबाकी हरवते. ‘८ - ३’ असे मोकळे लिहिले की तोच प्रोग्राम बिनचूक चालतो. त्यामुळे प्रत्येक ओळ रिकाम्या जागांसह आणि त्यांच्याशिवायही द्यावी. पडताळणी मात्र टोकनांच्या यादीचीच करावी, कारण उरलेले टोकन गुपचूप टाकून देणारा पार्सर (टोकनांचा अर्थ लावणारा भाग) ‘७-०’ चे उत्तर ७ असेच देतो आणि ते बरोबर असल्याने चूक दिसत नाही. ‘१२+७’ मधला शेवटचा ७ गळणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे: पुढचे अक्षर आले की संख्या नोंदवायची अशी रचना असते आणि ओळ संपल्यावर पुढचे अक्षर येतच नाही. एकाच संख्येत दोन दशांशचिन्हे असलेली ‘१.२.३’ ही ओळ नाकारली गेली पाहिजे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी वापरकर्त्यांसाठी प्रोग्राम लिहिताना आणखी एक कसोटी अत्यावश्यक ठरते. देवनागरी आणि कन्नड शून्य दिसायला जवळपास सारखे, पण त्यांचे युनिकोड संकेतांक (संगणकातील प्रत्येक अक्षराचे ठरलेले क्रमांक) वेगळे. कन्नड अनुस्वारही तसाच वाटोळा, पण तो अंकच नव्हे. देवनागरी एकापुढे कन्नड शून्य दिले तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे पूर्णांक-रूपांतर १० देते, तर जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुरातील नमुना शोधणाऱ्या सूत्रातील) अंकखूण ‘\d’ दोन्ही लिपींचे अंक ओळखत नाही. ‘किंमत’ हे चलनाम पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील ‘\w’ या शब्दखुणेने तोडले, तर वेलांटी आणि अनुस्वार वगळले जाऊन ‘क’ आणि ‘मत’ असे दोन तुकडे हाती येतात. हिशेबात सर्रास लिहिली जाणारी ‘१,२५,०००’ ही रक्कमही अवश्य तपासावी, कारण स्वल्पविराम विभाजक मानणाऱ्या फलनात (फंक्शनमध्ये) तिच्या तीन वेगळ्या संख्या होतात.