रात्रीच्या मगरशोधाची बॅटरी (बडोदे)

रात्री हिंडणाऱ्या शिकारी प्राण्याचा माग काढण्यासाठी वापरायची लांब पल्ल्याची, अरुंद झोताची विजेरी. ती हातात धरतात किंवा कपाळावर बांधतात. अमेरिकेत कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी), ब्रिटनमध्ये खोकड मारण्यासाठी अशा विजेऱ्या सर्रास वापरल्या जातात. भारतात शिकारीला बंदी असल्यामुळे इथे त्यांचा उपयोग गणती, पाहणी आणि बचाव यांच्यापुरता आहे. बडोद्यात त्यांची गरज मुख्यतः विश्वामित्री नदीतल्या मगरींमुळे पडते. बॅटरी घेताना बहुतेक जण उजेड किती पडतो एवढेच विचारतात. पण मगर दिसणार की नाही, हे उजेड किती आहे यापेक्षा तो कुठून निघतो आणि बघणाऱ्याचा डोळा त्याच्या किती जवळ आहे यावर जास्त अवलंबून असते.

विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते, बडोदे शहराच्या मधून वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. शहरातले तिचे पात्र अरुंद, काठ उभे आणि झाडोऱ्याने भरलेले. या काठांत मगरी बिळे करतात, हिवाळ्याच्या दिवसांत उन्हाला येऊन पडतात आणि अंधार पडला की पाण्यात उतरतात. गोड्या पाण्यातली ही मगर चार मीटरच्या पुढेही वाढते. दाट वस्तीच्या शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरींची नांदती वसाहत असणे जगात दुर्मीळ आहे, आणि बडोदेकरांनी तिच्याशी जुळवून घेतले आहे ही मोठी गोष्ट आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारात आल्या, एक तर घराच्या छतावर चढून बसली. त्याआधी २०१९ च्या पावसाळ्यातही गल्लीतल्या पाण्यात मगर पोहताना लोकांनी पाहिली होती.

डोळ्यांची चमक

मगरीच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. आत शिरलेला प्रकाश दृष्टिपटलातून एकदा जातो, या थरावर आपटून पुन्हा एकदा जातो, त्यामुळे अंधुक उजेडातही तिला बरे दिसते. यातून उरलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत फिरतो. बघणारा त्या वाटेवर असेल तर त्याला पाण्यावर निखाऱ्यासारखा तांबूस ठिपका दिसतो. मांजर, बिबट्या, कोल्हा, कुत्रा यांच्या डोळ्यांतही असा थर असतो. त्यांची चमक बहुधा हिरवट किंवा पिवळसर असते. माणसाच्या आणि डुकराच्या डोळ्यात तो नसतो, म्हणून काठावरचे रानडुक्कर बॅटरीला फारशी दाद देत नाही.

परतणारा प्रकाश फार पसरत नाही, आणि बॅटरी कुठे धरायची हे त्यावरून ठरते. मगर तीस मीटरवर आहे आणि बॅटरी कमरेशी, म्हणजे डोळ्यांच्या सत्तर सेंटिमीटर खाली आहे असे समजा. झोताची वाट आणि नजरेची वाट यांत सुमारे १.३ अंशांचा कोन पडतो. तीच बॅटरी कपाळावर, डोळ्यांच्या आठ सेंटिमीटर वर असेल तर हा कोन ०.१५ अंश, म्हणजे जवळपास नऊ पट कमी होतो. लांबच्या मगरीसाठी हा फरक कमी पडतो, जवळच्या मगरीसाठी वाढतो. ज्या अंतरावर मगर दिसणे सर्वांत गरजेचे, तिथेच कमरेशी धरलेली बॅटरी सर्वांत जास्त फसवते.

पुलावर हे ताडून पाहता येते. कठड्याशी उभे राहून बॅटरी कानशिलाला टेकवायची आणि झोत काठाच्या कडेने हळूहळू सरकवायचा. गवताच्या रेषेखाली तांबूस ठिपका लागला की झोत त्याच्यावरच ठेवून हात छातीपर्यंत खाली आणायचा. ठिपका मंद होतो. कमरेपर्यंत आणला की बहुतेक वेळा दिसेनासा होतो. मगर मात्र जागची हललेली नसते. मोबाइलचा दिवा छातीसमोर धरून नाल्यात डोकावणारा माणूस ‘काही नाही’ म्हणून निर्धास्त उतरतो, तेव्हा नेमके हेच घडलेले असते. मोबाइलचा उजेड चौफेर सांडतो, पाच-सात पावलांपलीकडे त्याचा जोर राहत नाही. पाण्याकाठी तो अजिबात भरवशाचा नाही.

बॅटरीची निवड

खोक्यावर लुमेनचा आकडा ठळक छापलेला असतो. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश. तो एका जागी किती एकवटला आहे हे कँडेला सांगतो, आणि मगरीसाठी बघायचा आकडा हाच. झोताचा पल्ला मोजण्याच्या प्रचलित मानकात ज्या अंतरावर प्रकाश पाव लक्सपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर पल्ला म्हणून धरतात. हिशेब सोपा आहे: कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट, मीटरमध्ये. १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० कँडेलाला ४०० मीटर. पल्ला दुप्पट हवा तर कँडेला चौपट लागतात. छापील पल्ल्याच्या निम्म्या अंतरापर्यंतच कामाचा उजेड मिळतो, असे धरून चालावे.

विश्वामित्रीच्या शहरातल्या पात्रासाठी दहा ते वीस हजार कँडेला पुष्कळ झाले. आजवा तलावासारख्या मोकळ्या पाण्याला जास्त लागतात. काठाने चालताना पायाखालचे बघायला दोन-तीनशे लुमेनचा पसरट उजेड वेगळा ठेवावा. दोन्ही कामे एकाच दिव्यावर ढकलली की दोन्ही बिघडतात: पसरट उजेड जवळच्या बोरू-गवतावर पडून डोळे दिपवतो आणि त्यामागचे पाणी काळेच राहते. बाजारात लाखभर लुमेन लिहिलेल्या स्वस्त बॅटऱ्या मिळतात. मुठीत मावणाऱ्या आणि एका सेलवर चालणाऱ्या दिव्यातून तेवढा प्रकाश निघूच शकत नाही. घेण्यापूर्वी दहा पावलांवरच्या भिंतीवर झोत टाकून पाहावा. मधला ठिपका लहान आणि घट्ट हवा, भोवतीचे वलय फिके. खोल, गुळगुळीत परावर्तक (दिव्याभोवतीची चकचकीत वाटी) आणि लहान एलईडी असली की असा झोत मिळतो. खरबरीत परावर्तकाचा झोत मऊ आणि पसरट पडतो. तो गल्लीत कामाचा, नदीवर नाही.

सर्वांत मोठ्या उजेडाची पायरी काही मिनिटेच टिकते. दिवा तापतो आणि आपोआप मंद होतो. म्हणून मधल्या पायरीवर किती तास चालते ते विचारावे. पावसाळ्यासाठी आयपीएक्स ७ दर्जा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची खात्री, असलेली बॅटरी घ्यावी.

पूर्वी घराघरात तीन किंवा पाच मोठ्या सेलची पत्र्याची बॅटरी असे. आता १८६५० जातीचा लिथियम सेल वापरतात. त्याच्या नावातच माप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. हा सेल किल्ल्यांबरोबर खिशात सुटा टाकू नये. दोन टोके धातूने जोडली गेली तर तो पेट घेऊ शकतो. उन्हाळ्यात बंद गाडीतही ठेवू नये.

लाल, हिरवा की पांढरा

शिकाऱ्यांमध्ये लाल दिव्याला मान आहे, आणि त्याला कारण आहे. कोल्हा, कायोटी, मांजरवर्गीय प्राणी यांच्या डोळ्यांना तांबडा रंग फारसा जाणवत नाही, त्यामुळे लाल झोतात ते बुजत नाहीत. माणसाच्या डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. लाल उजेडात तीही मोडत नाही. हिरवा प्रकाश आपल्या डोळ्याला सर्वांत उजळ भासतो, म्हणून तो लांबपर्यंत गेल्यासारखा वाटतो.

मगरीसाठी मात्र पांढराच घ्यावा. तिला रंग दिसतात, त्यामुळे लाल दिव्याचा छुपेपणा तिच्यापुढे चालत नाही. शिवाय लाल झोतात सगळेच डोळे लाल दिसतात. काठावरचे कुत्रे कोणते आणि पाण्यातली मगर कोणती, हे ओळखायला रंगाची जी खूण होती तीच हातातून जाते. टिपण लिहिताना आणि नकाशा बघताना कपाळावरचा मंद लाल दिवा जरूर वापरावा. हिवाळ्यात पहाटे नदीवर धुके उतरले की अडचण वाढते. डोळ्यांजवळचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो. तेव्हा बॅटरी थोडी खाली घेऊन उजेड कमी करावा लागतो आणि तेवढी चमक गमवावी लागते. धुक्याच्या रात्री गणती न करणेच बरे.

शिकारीतून बचावाकडे

विजेरीचे पहिले पेटंट अमेरिकेत १८९९ मध्ये मिळाले. त्यानंतर ती लवकरच मचाणावर पोचली. गायकवाडांच्या संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळवीट मारण्याची शिकार गाजलेली होती, पण ती दिवसाउजेडी चाले. रात्रीची शिकार म्हणजे मारलेल्या जनावरावर बिबट्या परत येईपर्यंत बसून राहणे, आणि तिथे बंदुकीला बांधलेल्या दिव्याने चांदण्यावरचे अवलंबन संपवले. तो दिवाही बेभरवशाचा होता. १९२६ मध्ये जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यावर गोळी झाडली, त्याच क्षणी त्यांची विजेरी विझली.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये सुरुवातीला परवाना घेऊन काही शिकार करता येत असे. तेव्हाही कृत्रिम उजेडात शिकार करायला मनाई होती. अपवाद एकच, मारलेल्या भक्ष्यावर परतणाऱ्या मांसभक्षकाचा, आणि तोही परवान्यात तसे खास लिहिलेले असेल तर. पुढे १९९१ च्या दुरुस्तीत परवान्यांची ती सगळी कलमेच गेली. मगर या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, सापळा लावणे, हुसकावणे आणि आमिष दाखवणेही येते. अंगणात आलेल्या मगरीला दोरी टाकणारा हौशी तरुण चांगल्या हेतूनेही या व्याख्येत सापडतो. ते काम वनखात्याचे आणि त्यांच्याबरोबर असणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकांचे.

शिकाऱ्यांच्या दोन सवयी मात्र पाहणी करणाऱ्यांनी तशाच उचलाव्यात. पहिली म्हणजे झोताचा मधला ठिपका जमिनीवर न टाकता थोडा वर धरणे आणि फक्त वलयाच्या कडेने परिसर चाळणे. डोळे चमकले की मगच झोत खाली आणणे. याने प्राणी दचकत नाही आणि आपलेही डोळे दिपत नाहीत. दुसरी जास्त महत्त्वाची: नुसत्या डोळ्यांवरून प्राणी ठरवायचा नाही. जबाबदार शिकारी अंग दिसल्याशिवाय चापावर बोट ठेवत नाही, कारण चमकणारे डोळे कुणाच्या वासराचेही असू शकतात.

गणती आणि चकवे

मगरींच्या गणतीत हीच शिस्त वेगळ्या रूपात येते. मुस्कट आणि अंग दिसले तर अंदाजे लांबी लिहितात. फक्त ठिपका दिसून बुडाला तर ‘केवळ डोळे’ अशी नोंद करतात, लांबी लिहीत नाहीत. मगर आडवी असेल तर एकच डोळा चमकतो, पाठमोरी असेल तर एकही नाही. बुडी मारलेली आणि बिळातली मगर गणतीत येतच नाही. म्हणून रात्रीचा आकडा हा किमान आकडा असतो. अमावास्येच्या आसपासची, वारा नसलेली, पाणी उतरलेली रात्र गणतीला चांगली.

शहरातल्या नदीत चकवे फार. पुलावरच्या दिव्यांची प्रतिबिंबे, प्लास्टिकच्या बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्यांवरची जरी, बेडूक, गवतातले कोळी. कोळ्याचे डोळे हिऱ्याच्या कणीसारखे पांढरट-हिरवे लुकलुकतात आणि नवख्याला हमखास फसवतात. बॅटरी क्षणभर विझवून पाहावी: पुलाच्या दिव्याचे प्रतिबिंब तिथेच राहते, डोळ्याची चमक जाते. मग दोन पावले बाजूला सरून पुन्हा झोत टाकावा. बाटलीची चमक बहुधा कोन बदलताच हरवते, मगरीची टिकते. पावसाच्या तोंडावर काठाच्या गवतात बारीक तांबूस ठिपक्यांचा पुंजका दिसला तर ती नुकती अंड्यांतून निघालेली पिल्ले असतात. आई जवळच असते, तिचे डोळे दिसले नाहीत तरीही. तिथून मागे फिरावे.

पुराच्या पाण्यात

पुराच्या गढूळ पाण्यात उजेड वितभरही आत जात नाही, पृष्ठभागावरूनच उसळतो. जगातली सर्वांत जोरदार बॅटरी घेतली तरी पाण्याखालची मगर दिसणार नाही. चमक दिसली तर मगर आहे हे कळते. चमक दिसली नाही तर काहीच कळत नाही. कंपाउंडची भिंत, गाडीखालची जागा, जिन्याखालचा कोपरा, पाण्याच्या टाकीमागची अडचण अशा जागा आधी कोरड्या उंचीवरून, ओट्यावरून किंवा गच्चीवरून चाळाव्यात. लोट ओसरल्यावर मगर अशाच आडोशाला दडते.

वनखात्याची माणसे मगर पकडायला येतात तेव्हा बघ्यांच्या बॅटऱ्या आणि मोबाइल यांचाच सर्वाधिक त्रास होतो. चहूबाजूंनी उजेड पडला की फास टाकणाऱ्याचे डोळे दिपतात आणि मगर बिथरते. ‘काका, बॅटरी खाली करा, आमच्या तोंडावर येतेय,’ असे हात जोडून सांगावे लागते. झोत एकाच माणसाने धरायचा, फास टाकणाऱ्याच्या खांद्यामागून, त्याच्या नजरेच्या रेषेत. मगरीच्या डोळ्यांवर ओले गोणपाट पडेपर्यंत तो हलवायचा नाही. पडल्यावर झोत डोक्यावरून काढून जबड्याच्या दोरीवर आणायचा, कारण गाठ नीट बसली की नाही हे बघायचे असते. गोणपाटाखाली अंधार झाला की मगर बरीच शांत होते. त्यानंतर तिला पिंजऱ्यात घेईपर्यंत बाकीचे दिवे बंद ठेवावेत.