हिमोग्लोबिन चांगलं, तरी पाय का बधिर?

बाहेरच्यांना नागपूर ठाऊक असतं ते सावजी मटणासाठी, पण इतवारी-महालातल्या कितीतरी घरांत अंडंही शिजत नाही. अशा घरात कुणी 'तळपाय जळजळतात, नावं आठवत नाहीत' म्हटलं, की ऐकायला मिळतं: "हिमोग्लोबिन तेरा आहे ना, मग बी-१२ कशाला तपासायचं?" हा समज घातक आहे. बी-१२ कमी पडून मेंदू आणि मज्जारज्जूची हानी होत असतानाही रक्ताचा साधा रिपोर्ट चांगला येऊ शकतो.

कसा, ते समजून घेण्यासारखं आहे. माणसाच्या शरीरात बी-१२ दोनच रासायनिक क्रियांना लागतं. पहिलीत होमोसिस्टीन या अमिनो आम्लापासून मेथिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल तयार होतं. त्यासाठी लागणारा मेथिल गट (एका कार्बनचा छोटा तुकडा) फोलेट हे दुसरं बी-जीवनसत्त्व आणतं, बी-१२ तो स्वतःवर घेतं आणि होमोसिस्टीनला देतं. यातून दोन गोष्टी साधतात. मेथिओनीनपासून पुढे बनणारं एसएएम हे संयुग मेंदूत ठिकठिकाणी मेथिल गट पुरवतं. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण टिकायलाही ते हवं असतं. शिवाय मेथिल उतरल्याने फोलेट मोकळं होतं आणि डीएनए बनवण्याच्या कामी येतं. बी-१२ नसेल तर फोलेट मेथिलसकट अडकून पडतं. मग अस्थिमज्जेतल्या पेशी वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत. तांबड्या पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान दाखवणारा रिपोर्टमधला आकडा, १०० च्या वर जातो.

आता अशा माणसाने नुसती ५ मिलिग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी सुरू केली तर? फॉलिक ॲसिड म्हणजे फोलेटचंच कृत्रिम रूप, पण गोळीतल्या या रूपावर मेथिल गट नसतोच. त्यामुळे ते बी-१२ शिवायही डीएनएच्या कामाला लागतं आणि हिमोग्लोबिन वर येतं. मेथिओनीन मात्र अडलेलंच राहतं. बी-१२ ची दुसरी क्रिया, मेथिलमॅलोनिल-कोएन्झाइम ए चं रूपांतर, तिथे तर फोलेटचा काही संबंधच नाही. म्हणजे रक्त सुधारतं आणि मज्जारज्जूच्या मागच्या भागातलं मायलिन झडत राहतं. १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची कंपनं पायाच्या अंगठ्याला कळत नाहीत. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. विसराळूपणा, चिडचिड, उदासी येते.

आणखी एक फसगत लोहामुळे होते. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या. दोन्ही कमी असले की एमसीव्ही ८८ वगैरे, अगदी नॉर्मल!

म्हणून बी-१२ थेट मोजावं, आणि गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी रक्त द्यावं. २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० मध्ये असेल तर होमोसिस्टीन किंवा मेथिलमॅलोनिक ॲसिड तपासतात; वरच्या दोन क्रिया अडल्या की ही साचतात.

वनस्पती बी-१२ बनवत नाहीत आणि प्राणीही नाहीत. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गायीच्या पोटातल्या जिवाणूंमुळे ते दुधात उतरतं. २०० मिलिलिटर दुधातून जेमतेम १ मायक्रोग्रॅम मिळतं, रोजची गरज दोन-सव्वादोनची. चहातल्या दुधावर ती भागत नाही. तर्री पोहे, सांबारवडी, संत्री यांत ते नसतंच. 'नैसर्गिक बी-१२' म्हणून खपवल्या जाणाऱ्या स्पिरुलिना या नील-हरित शेवाळात बहुतांश छद्म बी-१२ असतं. आपल्या शरीराला त्याचा उपयोग नाही. भाज्या न धुता खाण्याचा सल्लाही फिरतो. त्यातून जंत होतील.

आतडं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषतं. त्यापुढच्या मात्रेतलं साधारण १ टक्का नुसतं झिरपून जातं. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीचा हिशेब हाच: त्यातलं दहाएक मायक्रोग्रॅम रक्तात पोचतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं शोषण आणखी घटतं. गोळीत बी-१२ चं महाग रूप, मिथाइलकोबालामिनच हवं असा हट्ट नको; साध्या सायनोकोबालामिनपासूनही शरीर हवी ती रूपं बनवतं. पाय बधिर झाले असतील तर मात्र डॉक्टरांकडून इंजेक्शनच घ्यावं. उशीर झाला की सगळी संवेदना परत येईलच असं नाही.

सर्वांत जपायचं ते अंगावर पिणाऱ्या बाळाला. आईचं बी-१२ कमी असेल तर दुधातलंही कमी असतं. सहा महिने ते दीड वर्षाच्या वयात असं बाळ हसायचं थांबतं, शिकलेलं बसणं विसरतं, हात थरथरतात, बोटांची पेरं काळवंडतात. गरोदरपणी लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्याने आईचं हिमोग्लोबिन तेव्हा ठीकही असू शकतं. शाकाहारी गरोदर बाईचं बी-१२ म्हणून पहिल्या तपासणीतच, हिमोग्लोबिनसोबत मोजून घ्यावं.