प्रचार चळवळ (फिलिपीन्स)

स्पॅनिश राजवटीकडून नागरी हक्क व सुधारणा मिळवण्यासाठी फिलिपिनो सुशिक्षितांनी साधारण १८८० ते १८९५ या काळात चालवलेली सनदशीर चळवळ. मार्सेलो देल पिलार, होसे रिझाल आणि ग्रासियानो लोपेझ हाएना हे तिचे प्रमुख नेते. चळवळीचे मुख्य ठाणे मनिलात नव्हे, तर बार्सिलोना व माद्रिद येथे होते. स्पेनमध्ये जे उघडपणे छापता येई, ते वसाहतीत बोलले तरी तुरुंग किंवा हद्दपारी ठरलेली असे. स्वातंत्र्य ही चळवळीची जाहीर मागणी नव्हती. फिलिपीन्सला स्पेनचा प्रांत मानावे, स्पेनच्या संसदेत (कोर्तेस) त्याचे प्रतिनिधी असावेत, कायद्यापुढे फिलिपिनो व स्पॅनिश माणूस समान असावा, छपाई व भाषणाचे स्वातंत्र्य मिळावे आणि गावोगावच्या चर्चचा कारभार देशी धर्मगुरूंकडे यावा, एवढेच ती मागत होती. यातले संसदीय प्रतिनिधित्व तर पूर्वी मिळालेले होते. १८१२ च्या कादिझ राज्यघटनेवर फिलिपीन्सच्या प्रतिनिधीची सही आहे. १८३७ मध्ये हा हक्क काढून घेण्यात आला.

स्पॅनिश सत्ता १५६५ पासून या बेटांवर होती, पण गावपातळीवर सत्ता म्हणजे मठवासी पाद्री. ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि रिकलेक्ट या संघांचे हे पाद्री. गव्हर्नर-जनरल काही वर्षांत बदलून जात. पाद्री वर्षानुवर्षे त्याच गावात राही, लोकांची भाषा बोले, शाळेवर देखरेख ठेवी आणि कोण सरकारनिष्ठ व कोण नाही याचा दाखला देई. काही संघांच्या मालकीच्या मोठमोठ्या जमिनी होत्या आणि त्यांवर कुळे खंड भरून राबत. शिवाय प्रौढ पुरुषांवर वर्षाला ४० दिवसांची वेठबिगार होती; ती १८८४ मध्ये १५ दिवसांवर आली. पैसेवाले रक्कम भरून सुटत, गरीब रस्ते बांधायला आणि लाकूड तोडायला जात.

चळवळीचे मूळ १८७२ च्या घटनेत आहे. त्या वर्षी २० जानेवारीला काविते येथील शस्त्रागारातले कामगार व सैनिक बिथरले. त्यांची कर व वेठबिगारीतली सूट नव्या गव्हर्नर-जनरलने, राफाएल दे इस्किएर्दोने, काढून घेतली होती. बंड लगेच मोडले गेले. मात्र त्याचे निमित्त करून होसे बुर्गोस, मारियानो गोमेझ आणि हासिंतो झामोरा या तीन धर्मगुरूंवर कटाचा आरोप ठेवला गेला. देशी धर्मगुरूंना त्यांच्या हक्काची चर्च मिळावीत, हा बुर्गोस यांचा आग्रह होता आणि खरा राग त्याचाच होता. १७ फेब्रुवारी १८७२ रोजी मनिलाच्या बागुंबायन मैदानावर गळ्याभोवती लोखंडी पट्टा आवळून तिघांना मारण्यात आले. त्यांचे धर्मगुरुपद काढून घेऊन धर्मवस्त्रे उतरवण्यास आर्चबिशपने नकार दिला होता. रिझाल तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढे ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१) ही कादंबरी त्याने या तिघांना अर्पण केली.

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर युरोप जवळ आला आणि सधन घरांतली मुले शिकायला स्पेनला जाऊ लागली. तिथे त्यांनी पाहिले की, आपल्या गावात ज्याच्यापुढे हात जोडून उभे राहावे लागते, त्या पाद्र्यावर माद्रिदची वर्तमानपत्रे बेधडक टीका करतात. १८८४ च्या माद्रिद कलाप्रदर्शनात फिलिपिनो चित्रकार हुआन लुना यांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले, तेव्हा या तरुणांच्या आत्मविश्वासाला मोठेच बळ आले. १८८७ मध्ये बर्लिनला छापलेल्या ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीत रिझालने गावचा पाद्री, शिपाई आणि लाचार देशी अधिकारी यांचे चित्र इतके नेमके रंगवले की वसाहतीत तिच्यावर बंदी आली. चळवळीचे मुखपत्र ‘ला सोलिदारिदाद’ हे पाक्षिक. १५ फेब्रुवारी १८८९ रोजी ते बार्सिलोनात लोपेझ हाएना यांच्या संपादकत्वाखाली निघाले. वर्षअखेरीस देल पिलार यांनी सूत्रे हाती घेतली आणि ते माद्रिदला हलले.

स्पॅनिशमधले लेख मायदेशी मोजकेच लोक वाचू शकत. सामान्यांच्या मनाला हात घातला तो देल पिलार यांच्या तागालोग या देशी भाषेतल्या लिखाणाने, आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही. रोजच्या प्रार्थनांची घडण तशीच ठेवून त्यांनी विडंबने लिहिली. त्यांतल्या दहा आज्ञांपैकी पहिली सांगते की, सगळ्यांहून अधिक पाद्र्याला भज. चौथी सांगते की, आईबापांना मूठमाती देण्यासाठी स्वतःचा देह गहाण टाक. अंत्यसंस्काराची दक्षिणा भरताना कर्जात बुडालेल्या घरांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

मायदेशी या काळात घडलेला सर्वांत धीराचा प्रसंग मालोलोस गावातला आहे. १२ डिसेंबर १८८८ रोजी गव्हर्नर-जनरल वेलेर तिथे आला असताना वीस तरुणींनी पुढे होऊन त्याच्या हाती अर्ज दिला: आम्हाला स्पॅनिश शिकण्यासाठी रात्रशाळा काढू द्या. गावच्या पाद्र्याने विरोध केला आणि परवानगी नाकारली गेली. मुलींनी पिच्छा सोडला नाही. अखेर फेब्रुवारी १८८९ मध्ये, खर्च त्यांनीच सोसावा आणि वर्ग दिवसा भरावा अशा अटींवर शाळा सुरू झाली. पण काही महिन्यांतच ती बंद पडली. देल पिलार यांच्या सांगण्यावरून रिझालने लंडनहून या मुलींना तागालोगमध्ये लांबलचक पत्र लिहिले. राज्यकर्त्यांची भाषा शिकण्याची मागणीसुद्धा जिथे धोकादायक ठरत होती, तिथे समानतेच्या वचनाची किंमत काय होती, हे या एका अर्जाने उघडे पडते.

अर्ज-विनंत्यांच्या मर्यादा रिझालला घरच्या अनुभवाने कळल्या. कालांबा येथे त्याचे कुटुंब डॉमिनिकन संघाचे कूळ होते. खंडावरून वाद झाला, कुळे कोर्टात गेली आणि हरली. १८९१ च्या सुमारास अनेक कुटुंबांना घरादारातून बेदखल करण्यात आले. लढायचे तर मायदेशी, या मताचा होऊन रिझाल परतला. ३ जुलै १८९२ रोजी त्याने मनिलात ‘ला लिगा फिलिपिना’ ही परस्पर साहाय्य करणारी संघटना स्थापली आणि काही दिवसांतच त्याला अटक होऊन मिंदानाओतील दापितान येथे हद्दपार करण्यात आले. ही बातमी पसरताच आंद्रेस बोनिफासियो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ७ जुलैला कातिपुनान ही गुप्त क्रांतिकारी संघटना उभी केली. बोनिफासियो स्वतः लिगाचा सभासद होता.

पैशाअभावी ‘ला सोलिदारिदाद’ नोव्हेंबर १८९५ मध्ये बंद पडले. लोपेझ हाएना आणि देल पिलार हे दोघेही १८९६ मध्ये बार्सिलोनात क्षयाने, हलाखीत वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कातिपुनानचा उठाव झाला. रिझालचा त्यात सहभाग नव्हता, तरी ३० डिसेंबरला बागुंबायनवर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मठांच्या जमिनींचा प्रश्न स्पॅनिश सत्ता जाऊन अमेरिकेची आल्यावरही धुमसत राहिला. १९०३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने सुमारे ७२ लाख डॉलर मोजून त्यांपैकी जवळपास ४ लाख एकर जमीन विकत घेतली.