‘मोदक’ टंकामागचा जाडीचा प्रश्न

रोमन लिपीत जाड, गोलसर कडांचे शीर्षकाक्षर ही शतकभर जुनी गोष्ट आहे. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपर यांचे ‘कूपर ब्लॅक’ बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टंक-ओतशाळेने (धातूची छपाईची अक्षरे ओतणाऱ्या कारखान्याने) 1922 मध्ये बाजारात आणले आणि जाहिरातींच्या दुनियेत ते चांगलेच रुळले. देवनागरीला असा टंक (फॉन्ट) मिळायला मात्र फार उशीर झाला, आणि त्याचे कारण रुचीपेक्षा लिपीच्या घडणीत अधिक आहे.

रोमन अक्षरात बहुधा एखाददुसरीच पोकळी असते. देवनागरीत शिरोरेखा, दंड आणि गाठी एकाच चौकटीत दाटलेल्या असतात. वर वेलांटी, मात्रा व रफार, खाली उकार, आणि ‘क्ष’, ‘द्ध’ यांसारख्या जोडाक्षरांत तर जागेची ओढाताणच. रेघ जाड करत गेले की अक्षराचा काळा ठिपका होतो. त्यात खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत जोडाक्षरे धरून एकेका वळणाला शेकडो खिळे लागत, त्यामुळे केवळ मथळ्यांसाठी निराळे वळण ओतणे हे खर्चाचे काम होते. म्हणून जाड, खेळकर अक्षर कुंचल्याकडेच राहिले. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली नावे आठवावीत. पण चित्रकाराला एकच शब्द साधायचा असतो. तो शिरोरेखा तोडू शकतो, वेलांटी हवी तशी वळवू शकतो. टंकातले प्रत्येक अक्षर इतर कोणत्याही अक्षराशेजारी शोभावे लागते.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकरचनाकारांच्या गटाने गेल्या दशकात ‘मोदक’ प्रसिद्ध केला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो रेखाटला. देवनागरी जास्तीत जास्त किती जाड होऊ शकते, हे पाहण्यासाठी हाताने काढलेल्या अक्षरांपासून त्याची सुरुवात झाली. त्यातून निघालेले उत्तर धीट होते: पोकळ्या जवळजवळ बुजवायच्या आणि बारीक पांढऱ्या रेघा तेवढ्या राखायच्या. वाचणारा डोळा मग काळ्या फटकाऱ्यापेक्षा या फटींवरून अक्षर ओळखतो. त्यातली गोलाई निव्वळ गोंडसपणासाठी आहे, असे मला वाटत नाही. कडा गोल असल्यानेच दोन फुगीर भाग एकमेकांना चिकटूनही वेगळे दिसतात. मात्रा आणि उकार शेजारच्या अक्षराच्या प्रमाणात बसावेत म्हणून त्यांची संदर्भानुसार बदलणारी रूपे टंकातच योजावी लागली, जे धातूच्या खिळ्यांत जवळपास अशक्य होते.

खुल्या परवान्यामुळे हा टंक गूगल फॉन्ट्सवर कोणालाही विनामूल्य मिळतो. मोठ्या आकारात, म्हणजे पोस्टरवर, वेष्टनावर किंवा मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो खुलतो. लहान आकारात पांढऱ्या रेघा बुजतात आणि मजकूर वाचता येत नाही. त्यामानाने याच गटाचा ‘बालू’ हा गोलसर टंक बराच सोशीक आहे. रोमनसह नऊ भारतीय लिप्यांसाठी तो आधी एकाच ठळक जाडीत आला. पुढे ‘बालू 2’मध्ये साध्यापासून अतिठळकपर्यंत पाच जाड्या मिळाल्या, त्यामुळे मथळा आणि त्याखालच्या दोन-चार ओळी एकाच कुळातल्या अक्षरांत लावता येऊ लागल्या.