जुन्या स्पोर्ट्स कारचे घरगुती रिस्टोरेशन (नागपूर)

जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार पूर्ण खोलून, गंजका पत्रा बदलून, इंजिन, ब्रेक आणि वायरिंग नव्याने बांधून ती मूळ रूपात रस्त्यावर आणण्याचे काम. खोलणे, साफसफाई, वेल्डिंगची पूर्वतयारी आणि शेवटची जोडणी घरच्या पोर्चमध्ये होते. सिलिंडर बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, सँडब्लास्टिंग व क्रोम ही कामे हिंगणा एमआयडीसी किंवा शहरातल्या मशीन शॉपकडून करून घ्यावी लागतात. या नोंदीत मुख्यतः एमजीबी (१९६२–८०, १,७९८ सीसी) या ब्रिटिश गाडीचे दाखले घेतले आहेत, कारण तिचे जवळपास सर्व भाग आजही नवे बनतात.

हंगाम. नागपुरात कामाचे वेळापत्रक हवामान ठरवते. पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो; म्हणून सँडब्लास्टिंग झाले की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. ते जमणार नसेल तर जून ते सप्टेंबर या काळात पत्र्याला हात न लावता इंजिन, गिअरबॉक्स, सीट अशी छपराखालची कामे काढावीत. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) रंगकाम टाळावे: पारा ४५ अंशांवर असताना थिनर हवेतच उडतो, रंग कोरडा बसतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत दिसतो. रंगाला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे विषारी रसायन असते. तोंडाला रुमाल बांधून ते थांबत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. दाट वस्तीत हे काम घरी करूच नये, बूथ भाड्याने घ्यावा.

पत्रा. बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात, कारण ते चालू झाले की हुरूप येतो. क्रम उलटा हवा. एमजीबीला वेगळी चासी नाही. दारांखालच्या सिल हाच तिचा कणा, आणि छप्पर नसलेल्या रोडस्टरमध्ये तर सगळा भार त्यांच्यावरच. सिल तीन थरांची असते: बाहेरचा पत्रा, मधली उभी पट्टी आणि खालची पन्हाळीसारखी पट्टी. पुढच्या चाकामागे साचलेला चिखल आतून ओल धरून ठेवतो, त्यामुळे बाहेरचा थर ठीक दिसत असताना मधली पट्टी संपलेली असते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावे. वर नवा रंग आणि आत पुट्टी भरलेली असेल, तर लोहचुंबक तिथे धरत नाही.

सिल कापण्याआधी गाडी सपाट फरशीवर, सस्पेन्शनच्या जागी चार घोड्या (जॅक स्टँड) लावून उभी करावी. दाराच्या बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत २५ मिमी अँगलचा आडवा टेकू जोडावा आणि चारही बाजूंच्या दारफटी मोजून लिहून ठेवाव्यात. एका वेळी एकच बाजू कापावी. नवी सिल आधी टाचून दार बसवून पाहावे, ते सहज लागत असेल तरच पूर्ण वेल्डिंग करावे. टेकू न लावता दोन्ही बाजू कापल्या तर गाडी मध्ये खचते. मग दार बंद होत नाही, आणि पूर्ण वेल्ड झाल्यावर त्यावर उपाय नाही. सिलला १.२ मिमी (१८ गेज), बाकी पॅनेलला ०.९ मिमी (२० गेज) पत्रा पुरतो. सीओटू वेल्डिंगला ०.८ मिमी तार घ्यावी, टाके दोन-अडीच सेंटिमीटरचे आणि दूरदूर घालावेत. सलग ओढलेल्या टाक्याने पत्रा तापून लाटा धरतो. पुट्टीचा थर २ मिमीच्या वर नको.

पाने आणि आटे. एमजीबीचे नटबोल्ट बहुतांशी यूएनएफ, म्हणजे इंची पान्यांचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी; त्यावर १३ चा पाना बसतो आणि घट्ट नटाचे कोपरे खाऊन टाकतो. त्याहून जुन्या एमजी टीसी, टीडीच्या एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाची) अशी विचित्र सांगड आहे. तिथे आटा मोजल्याशिवाय बदली बोल्ट घेऊ नये.

इंजिन. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जुन्या ओतीव लोखंडी हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट त्यानंतर झिजत जाते व टॅपेटची फट पुन्हा पुन्हा कमी होते. हेड उतरलेच आहे तर कठीण सीट बसवून घ्यावी. एमजीबीची काही मापे: हेडचे नट ४५–५० फूट-पौंड, टॅपेटची फट ०.०१५ इंच (थंड इंजिनावर), प्लगची ०.०२५ इंच, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची ०.०१५ इंच, सिलिंडर पेटण्याचा क्रम (फायरिंग) १-३-४-२. कॅमशाफ्ट व टॅपेट नवे असतील तर पहिल्यांदा चालू होताच इंजिन २० मिनिटे २,००० आरपीएमच्या आसपास ठेवावे, आयडलवर सोडू नये. कॅमला तेल मुख्यतः उडून मिळते. वेग कमी असेल तर नवा कॅम पहिल्याच दिवशी घासून जातो. हे पहाटे करावे आणि रेडिएटरसमोर मोठा पंखा ठेवावा.

उष्णता व पेट्रोल. उन्हाळ्यात वर्धा रोडच्या सिग्नलवर या गाड्या बंद पडतात त्या बहुधा पेट्रोलची वाफ धरल्याने. एसयू कार्ब्युरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी वर आहेत. मधला उष्णतारोधक पत्रा काढून टाकलेला असेल तर तो परत बसवावा. थर्मोस्टॅट ८२ ऐवजी ७४ अंशांचा चालतो. ब्लॉकचे कोअर प्लग (बाजूची पत्र्याची गोल झाकणे) काढून पाण्याच्या वाटेतला गाळ खरवडावा. बोअरवेलचे पाणी घालू नये, क्षार बसतात. डिस्टिल्ड पाण्यात ३०–४० टक्के कूलंट पुरे.

पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगून मऊ पडतात. व्हायटॉन (इथेनॉलला टिकणारे रबर) अस्तराचे पाइप घालावेत. मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, तेव्हा कार्ब्युरेटरच्या जेटखालचा षट्कोनी नट एकेक पैलू खाली घेत प्लगचा रंग पाहावा. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, नाहीतर इथेनॉल ओल ओढून पाणी तळाशी सोडते.

वायरिंग. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. सवयीने निगेटिव्ह टोक बॉडीला जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियनला हे आधी सांगावे. आधुनिक रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन तशा गाडीत जोडले की जळते.

हेराल्डचे नाते. ट्रायम्फ स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची चासी व पुढचे सस्पेन्शन ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीवरून घेतलेले. म्हणून मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचे भंगार स्पिटफायरच्या कामी येते. पुढच्या चाकाच्या पितळी ट्रनियनमध्ये (चाक धरणारी उभी लिंक जिच्यात आट्यांवर फिरते ती खालची बैठक) ९० नंबरचे गिअर ऑइल घालायचे असते. मेकॅनिक तिथे ग्रीस भरतात. ते आट्यांपर्यंत पोचत नाही, आत गंज धरतो आणि वळणावर उभी लिंक तुटून चाक बाजूला पडते. जुनी लिंक घेताना ट्रनियन उघडून आटे पाहावेतच.

कागदपत्रे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते: शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा ही अट आहे. इंग्लंडहून तयार नवी बॉडी मागवणे म्हणूनच जोखमीचे. सिल आणि फ्लोअर तुकड्यांनी बदलावेत. चासी व इंजिन क्रमांकाच्या पट्ट्या सँडब्लास्टिंगपूर्वी काढून ठेवाव्यात, त्या मूळ जागी असतानाचे फोटो घ्यावेत आणि जुने आरसी पुस्तक त्यांच्याशी पडताळून मगच गिरीपेठच्या आरटीओकडे जावे.