पालक-प्रतिनिधींचा संवाद

पालक-प्रतिनिधींचा संवाद : शाळेतल्या पालकांच्या गटाचे काम विनामोबदला पाहणाऱ्या पालकाने इतर पालकांशी, शिक्षकांशी आणि शिक्षण खात्याशी बोलण्याची, लिहिण्याची आणि ऐकून घेण्याची रीत. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, पालक-शिक्षक संघाचे उपाध्यक्ष, वर्गाचे पालक-प्रतिनिधी, माता-पालक संघाच्या सदस्या ही सारी मंडळी यात येतात. यांना ना पगार असतो, ना कोणाला आदेश देण्याचा अधिकार. लोकांनी त्यांचे ऐकावे याला कारण एकच : हा माणूस आपल्या मुलांसाठी धडपडतो आणि खरे तेच सांगतो, ही खात्री. वक्तृत्वाचा तिच्याशी संबंध थोडाच. माइक हातात घेऊन छान बोलणारा अध्यक्ष निवडावा असा पुष्कळ ठिकाणी कल असतो; शाळेला मात्र घरोघरी जाऊन ऐकून घेणारा अध्यक्ष जास्त उपयोगी पडतो.

पालकांनी संघटित होऊन शाळेशी बोलावे हा विचार अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला. ॲलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी हर्स्ट यांनी १८९७ मध्ये वॉशिंग्टन येथे मातांची राष्ट्रीय काँग्रेस भरवली. आजची नॅशनल पीटीए ही पालक-शिक्षकांची राष्ट्रीय संघटना तिचीच पुढची अवस्था. वर्णभेदामुळे वेगळ्या ठेवलेल्या शाळांतील पालकांसाठी सेलिना स्लोन बटलर यांनी १९२६ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारली. या दोन्ही संघटना १९७० मध्ये एक झाल्या. भारतात मात्र पालकांच्या बोलण्याला देशभर कायद्याचे बळ आले ते शिक्षण हक्क कायद्याने.

कायद्याने दिलेली जागा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कुठे खर्च होते यावर लक्ष, ही समितीची मुख्य कामे. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच निवडतात आणि मुख्याध्यापक हे सदस्य सचिव असतात. समितीची मुदत दोन वर्षांची, बैठक दरमहा. अल्पसंख्याक शाळांत आणि इतर अनुदानित शाळांत समितीचे काम सल्ल्यापुरते आहे.

विनाअनुदानित खाजगी शाळांना कलम २१ लागू नाही. तिथे राज्याचा शुल्क विनियमन अधिनियम, २०११ लागू होतो. त्यानुसार शाळेतला प्रत्येक पालक हा पालक-शिक्षक संघाचा सदस्य असतो आणि कार्यकारी समितीतले पालक सोडत काढून निवडले जातात. ही सोडतीची तरतूद वाटते त्याहून महत्त्वाची आहे. आयुष्यात कधी बैठकीत तोंड न उघडलेल्या आईचे नाव चिठ्ठीत निघते आणि काही महिन्यांतच तिला संस्थेच्या शुल्कप्रस्तावावर मत द्यावे लागते. संवादाचे कौशल्य तिच्यासाठी शोभेची गोष्ट राहत नाही.

शिक्षकाच्या बाजूनेही कायदा बोलतो. पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, आकलन आणि प्रगती त्यांना सांगणे हे कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. तेव्हा सहविचार सभा ही शाळेने पालकांवर केलेली मेहेरबानी नव्हे. प्रतिनिधीने हे मनात पक्के ठेवावे, मात्र पहिल्याच भेटीत कलमे तोंडावर फेकू नयेत.

सभेला न येणारे पालक

‘आमचे पालक येतच नाहीत’ हे वाक्य शाळाशाळांत ऐकू येते. ते का येत नाहीत हे विचारायला मात्र फार थोडे जण जातात. दुपारी दोनची सभा म्हणजे रोजंदारीवर खुरपायला जाणाऱ्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. सोयाबीन काढणीच्या दिवसांत गावात माणूस सापडत नाही. शहरात घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दुसऱ्याच्या ओट्यापाशी असतात आणि वडील शिफ्टला. पुष्कळांना शाळेच्या पायरीचीच भीती असते, कारण स्वतः शाळेत गेले तेव्हा तिथे अपमान झाला होता किंवा शाळा अर्ध्यावर सुटली होती. मुलाला बोलावणे आले म्हणजे त्याने काहीतरी केले असणार, असा त्यांचा समज असतो.

म्हणून सूचनेचा मजकूर हीच पहिली परीक्षा. ‘उद्या दु. २ वा. पालकसभा आयोजित केली आहे. सर्वांनी उपस्थित राहावे, अन्यथा जबाबदारी आपली’ या सूचनेत विषय नाही, निघायची वेळ नाही, शेवटी धमकी मात्र आहे. तीच सूचना अशीही लिहिता येते : ‘शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला शाळेच्या व्हरांड्यात भेटू. विषय एकच, मुलींच्या स्वच्छतागृहातले पाणी. सव्वासातला सगळे घरी. लहान मूल सोबत आणले तरी चालेल. यायला जमत नसेल तर आपले म्हणणे शेजारच्या ताईंकडे सांगून पाठवा.’ या दुसऱ्या सूचनेत बाईला नवऱ्याला आणि सासूला सांगता येईल अशी सगळी माहिती आहे. एवढ्यानेही सभेला येणाऱ्यांची संख्या बदलते.

ऊसतोडीच्या पट्ट्यात हे काम आणखी अवघड होते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मुलेही सोबत जातात. बीडसारख्या जिल्ह्यांत अशा मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहे चालतात, म्हणजे मूल गावातच राहावे आणि त्याच्या जेवणाची सोय व्हावी. पण आईबाप मूल मागे ठेवायला तयार होतात ते पत्रक वाचून नव्हे. बिऱ्हाड बांधून ठेवलेल्या अंगणात समितीच्या अध्यक्षा बसलेल्या असतात. आजी विचारते, ‘रात्री पोराला ताप आला तर मी कुठं पळू?’ यावर योजनेचे नाव सांगणे हे उत्तर नाही. ‘आज्जी, माझा नंबर तुमच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवते. हाक मारा, आमच्या घरची गाडी येईल’ हे उत्तर आहे, आणि ते दिले की पाळावे लागते. एका घरी शब्द मोडला की पुढच्या हंगामात दहा मुले टोळीबरोबर जातात.

भाषेचाही अडसर असतो. नंदुरबारकडे भिली-पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, तांड्यांवर गोरमाटी बोलणाऱ्या पालकांपुढे ‘विनियोग’, ‘इतिवृत्त’, ‘अभिप्राय’ हे शब्द अडून बसतात. तिथे ज्याला दोन्ही भाषा येतात तोच खरा प्रतिनिधी ठरतो, पद कोणाकडेही असो. खाजगी इंग्रजी शाळांत २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांच्या आयांची अडचण याच जातीची. वर्गाच्या गटावर सगळे निरोप इंग्रजीतून, आणि त्यांना ते रात्री मुलाकडून वाचून घ्यावे लागतात. प्रतिनिधीने त्याच निरोपाखाली दोन ओळी मराठीत किंवा हिंदीत लिहिल्या तर कोणाचे काही बिघडत नाही.

सभेत

सभेतला बराचसा वेळ चारपाच बोलक्या पुरुषांचा असतो. बायका मागे भिंतीला टेकून बसतात आणि सही करून उठतात. कायद्याने निम्म्या जागा दिल्या म्हणून आवाज आपोआप येत नाही. यावर चालणारा एक साधा उपाय म्हणजे अध्यक्षाने खुर्ची सोडून सतरंजीवर गोलात बसावे, आणि विषय मांडल्यावर स्वतः बोलण्याआधी एका टोकापासून प्रत्येकीला विचारत यावे. ‘काही म्हणायचंय का?’ असे विचारले की ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘खिचडी मुलं घरी येऊन कशी म्हणतात?’ असे विचारले की भात कच्चा राहतो, डाळ पातळ असते, परवा पोटात दुखले, सगळे बाहेर येते.

पैशाचा विषय तोंडी सोडू नये. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. १०१ ते २५० पटाच्या शाळेसाठी ते वर्षाला ५०,००० रुपये ठरलेले आहे. मंजूर किती, प्रत्यक्ष आले किती, खडूफळा, वीजबिल आणि दुरुस्तीवर गेले किती, हे तीन आकडे फळ्यावर लिहिले की अर्ध्या शंका बोलण्याआधीच मिटतात. उरलेल्या शंका मुख्याध्यापकांसमोरच विचाराव्यात. पारावर विचारल्या की त्यांचा आरोप होतो.

इतिवृत्त लिहिणे हाही संवादच आहे, आणि त्याची सर्वांत जास्त हेळसांड होते. कोऱ्या पानावर सह्या घेऊन मजकूर नंतर भरण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. ती मोडलीच पाहिजे. ठराव, सूचक, अनुमोदक, काम कोणी करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे सभा उठण्याआधी लिहून मोठ्याने वाचून दाखवावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपण कशावर अंगठा उठवला हे तेव्हाच कळते.

मोबाइलवरचा गट

कोरोनाच्या काळात शाळा घरात आली आणि वर्गावर्गाचे व्हॉट्सॲप गट झाले. ते आता मोडता येणार नाहीत, पण आवरता येतात. सूचनांचा गट वेगळा ठेवून त्यात फक्त ॲडमिनने लिहावे, चर्चेसाठी दुसरा गट असावा आणि रात्री नऊनंतर तातडीखेरीज निरोप नसावा, हे वर्षाच्या पहिल्या सभेत सर्वांच्या संमतीने ठरवलेले बरे. नंतर लादलेला नियम ज्याच्यावर लागू होतो त्याला तो अपमान वाटतो.

या गटांवर दोन गोष्टी फार दुखावतात. एक, स्नेहसंमेलनाच्या किंवा सहलीच्या पैशांची यादी, ज्यात दिलेल्यांपुढे हिरवी खूण आणि उरलेल्या चारपाच नावांपुढे काहीच नाही. त्या नावांची मुले दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसणार असतात. देणे राहिलेल्यांशी एकेकट्याने आणि फोनवर बोलावे. दुसरी, एखाद्या शिक्षिकेविषयी रात्री साडेदहाला पडलेली तक्रार. तिच्याखाली ‘आमच्याकडेही असंच’ असे वीस निरोप येतात आणि सकाळी कोणीतरी स्क्रीनशॉट शाळेत पोहोचवते. प्रतिनिधीने तिथे बाजू घेऊ नये आणि गप्पही बसू नये. ‘ताई, वाचलं. आत्ता फोन करते’ एवढे लिहून खरोखर फोन करावा. फोनवर निम्म्या वेळा कळते की मूळ दुखणे वेगळेच होते.

तक्रार आणि गोपनीयता

प्रतिनिधीने प्रथम पाहायचे ते एवढेच, की हा एका मुलाचा प्रश्न आहे की सगळ्यांचा. एका मुलाचा असेल तर पालकाला वर्गशिक्षकांकडे सोबत न्यावे, स्वतः कमी बोलावे. सगळ्यांचा असेल तर तो समितीपुढे विषय म्हणून घ्यावा. आपल्याच मुलाचे गाऱ्हाणे सर्वांच्या नावाने मांडणारा प्रतिनिधी लवकर ओळखला जातो. शाळेत दाद लागली नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे (जिल्हा परिषद, महानगरपालिका वगैरे) लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो. असे पत्र लिहिताना तारीख, घटना, कोणाला कधी सांगितले आणि काय हवे आहे एवढेच लिहावे, विशेषणे गाळावीत.

मारहाण आणि मानसिक छळ यांना कलम १७ ने बंदी आहे. त्यांच्या तक्रारी ‘आपसांत मिटवू’ म्हणून दाबू नयेत. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका आली तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे कोणाही व्यक्तीला बंधनकारक आहे. समितीची बैठक भरेपर्यंत थांबायचे नसते. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही अशा वेळी उपयोगी पडते. अशा घटनेत पीडित मुलाचे नाव, वर्ग, फोटो किंवा घराचा पत्ता कोणत्याही माध्यमातून उघड करणे बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने निषिद्ध आहे. पालकांचा गटही त्यातून सुटत नाही. काळजीपोटी पुढे ढकललेला निरोपही त्या मुलाचे नाव गावभर करतो. ॲडमिनने तो तत्काळ काढून टाकावा आणि का काढला ते नाव न घेता सांगावे.

पदाची सूत्रे सोपवणे

मूल शाळा सोडून गेले की पालकाचे पदही संपते. चौथीपर्यंतच्या शाळेत तर जाणता झालेला अध्यक्ष लगेच निघून जातो आणि नवीन समिती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. जाणाऱ्याने महिनाभर तरी नव्याला सोबत घेऊन फिरावे. केंद्रप्रमुख कोण, गटशिक्षणाधिकारी कार्यालयात अर्जाची पोच कोण देते, पाण्याच्या टाकीचे पत्र कोणत्या टेबलावर अडले आहे, कोणत्या वस्तीवर कोणाच्या ओसरीवर बसले की बायका जमतात, हे कागदावर कुठेच नसते. ठरावांचे रजिस्टर, पत्रांच्या पोचपावत्यांची फाइल आणि गटाचे ॲडमिनपद एकाच दिवशी, सर्वांसमोर हाती द्यावे. अपुऱ्या कामांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर, तारखांसह लिहून द्यावी.