खांद्याचा ठणका आणि अफूच्या गोळ्या: पार्श्वभूमी

खांद्याच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र फार कठीण. आडवं होता येत नाही. पाठीला उशा लावून, हात झोळीत ठेवून बसल्याबसल्याच डोळा लागतो. मानेत दिलेला ब्लॉक, म्हणजे खांद्याच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, मध्यरात्री-पहाटे कधीतरी उतरतो आणि एकदम ठणका सुरू होतो. अमेरिकेत बरीच वर्षं याच ठणक्यासाठी ऑक्सिकोडोनसारख्या अफूवर्गीय गोळ्या देऊन रुग्णाला घरी पाठवत.

खरं तर नस बधिर करण्याची युक्ती या गोळ्यांच्या कितीतरी आधीची. कोकेनने डोळा बधिर होतो हे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी 1884 मध्ये व्हिएन्नात दाखवलं. वर्षभरातच न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी मानेतल्या नसा उघड्या करून त्यांवर कोकेन वापरलं. हे प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले होते. त्यांना कोकेनचं व्यसन जडलं आणि पुढे मॉर्फिन आयुष्यभर सुटलं नाही. मला या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. मानेतल्या दोन स्नायूंच्या फटीत सुई घालून खांदा बधिर करण्याची, आज रूढ असलेली पद्धत भूलतज्ज्ञ विनी यांनी 1970 मध्ये मांडली.

पण ब्लॉक उतरल्यावर काय? 1980 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात जेमतेम पाच वाक्यांचं पत्र छापून आलं: इस्पितळात अफूवर्गीय औषध मिळालेल्या 11,882 रुग्णांपैकी व्यसनाच्या नोंदी फक्त चार. ही निरीक्षणं इस्पितळातली होती, घरी नेलेल्या गोळ्यांची नव्हती. तरीही या पत्राचा दाखला वर्षानुवर्षं दिला गेला. 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन, म्हणजे ऑक्सिकोडोनचीच हळूहळू विरघळणारी गोळी, बाजारात आलं. पुढे अमेरिकेत पसरलेली या गोळ्यांच्या व्यसनाची साथ सर्वांना ठाऊक आहे.

2022 मध्ये कॅनडातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. गुडघ्याच्या किंवा खांद्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर एका गटाला नॅप्रोक्सेन, पॅरासिटामॉल आणि पोटासाठी पँटोप्राझोल दिलं. त्यांना अफूवर्गीय गोळ्या अगदी गरज पडली तरच; दुसऱ्या गटाला त्या नेहमीप्रमाणे. सहा आठवड्यांत पहिल्या गटातल्या बहुतेकांनी अशी एकही गोळी घेतली नाही, आणि दुखण्यात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन हे अफूवर्गात न मोडणारं, नव्या प्रकारचं वेदनाशामक औषध मंजूर झालं. मात्र त्याच्या मुख्य चाचण्या पायाच्या अंगठ्याच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांवर झाल्या, खांद्यावर नाही.

म्हणून आजही भूलतज्ज्ञ सांगतात: हाताला मुंग्या येऊ लागण्याची वाट पाहू नका, ब्लॉकचा असर असतानाच पहिली गोळी घ्या.